बंदुकीवर पाणसळ कशाला?

समजा, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही जालना जिल्ह्यात भोकरदनकडच्या एका खेड्यात मामांकडे गेला आहात. मामा तरुणपणी नेमबाजीच्या स्पर्धांत भाग घेत असत. त्यांच्याजवळ रीतसर परवाना असलेली एक जुनी, स्पर्धेची रायफल आहे. वर्षातून एकदा ती पेटीतून बाहेर निघते, पुसली जाते आणि पुन्हा पेटीत जाते. या वर्षी ती पाहण्याचा योग तुम्हाला आला. मामांनी ती रिकामी असल्याची खात्री करून घेतली, मग टेबलावर ठेवली आणि सांगितले, "हात न लावता, काय पाहायचे ते पाहा."

तुम्ही पाहू लागता. दस्ता, चाप, लांब नळी हे सारे ओळखीचे आहे. नळीच्या पुढच्या टोकाला नेम धरण्यासाठी असते ती 'माशी'. पण ही माशी म्हणजे साधा उभा काटा नाही. एका लहानशा गोल डबीत धातूची बारीक कडी बसवलेली आहे. आणि त्या डबीच्या अगदी खाली, नळीला आडवी, काचेची एक चिमुकली नळी आहे! तिच्यात पिवळसर द्रव भरलेला आहे आणि द्रवात एक बुडबुडा इकडून तिकडे फिरतो आहे.

हे काय असावे? धाकटा भाऊ म्हणतो, "थर्मामीटर!" मामी म्हणतात, "अरे, तेल भरून ठेवायची कुपी असेल." शेजारचे काका म्हणतात, "शोभेची वस्तू आहे. बिनकामाची. काढून टाकली तरी चालेल." मामा मात्र हसतात आणि काहीच सांगत नाहीत.

आता पाळी तुमची आहे. एखाद्या अनोळखी भागाचे काम ओळखायचे कसे?

तीन प्रश्न विचारा

जुन्या यंत्राचा वा हत्याराचा एखादा भाग ओळखायचा असेल, तर नावाच्या मागे लागण्याआधी तीन साधे प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न : हा भाग कोठे बसवला आहे? दुसरा : त्याला काय काय करता येते? तिसरा : तो नसता तर काय बिघडले असते?

पहिला प्रश्न घेऊ. काचेची नळी माशीच्या लगत आहे. नेमबाज एक डोळा मिटून नेम धरतो तेव्हा त्याची नजर माशीवर खिळलेली असते. म्हणजे ही नळी त्याला नेम धरतानाच दिसावी, अशा बेताने बसवलेली आहे. तेलाची कुपी कोणी नजरेसमोर बसवणार नाही. शिवाय नळीची दोन्ही टोके पक्की बंद आहेत. तेल भरणार कोठून आणि काढणार कोठून? तेव्हा मामींचा तर्क बाद झाला.

दुसरा प्रश्न. काचेवर अंश दाखवणाऱ्या खुणांची मालिका नाही, मधोमध फक्त दोन रेघा आहेत. तेव्हा थर्मामीटरही नव्हे. पण नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. मामांनी रायफल जरा एका अंगावर कलती केली, की बुडबुडा उंच बाजूला सरकतो. सरळ धरली, की तो दोन रेघांच्या मधोमध येऊन थांबतो. आता आठवा, हे तुम्ही आधी कोठे पाहिले आहे?

बरोबर! गवंड्याच्या हातात! भिंतीचा थर किंवा दाराची चौकट समपातळीत आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी जी पाणसळ वापरतो, तिचेच हे लहान भावंड आहे. पुष्कळ गवंडी तिला 'लेव्हल' किंवा 'स्पिरिट लेव्हल' म्हणतात. भाग ओळखला गेला. पण तिसरा प्रश्न अजून बाकी आहे आणि खरी मौज त्यातच आहे. भिंतीला पाणसळ लागते हे समजू शकते. बंदुकीला ती कशाला हवी?

बुडबुडा मध्ये का थांबतो?

त्याआधी पाणसळीचे गुपित पाहून घेऊ. वरवर पाहता तिची काच सरळ दिसते, पण आतून ती किंचित कमानदार असते आणि कमानीचा फुगवटा वरच्या बाजूला असतो. द्रव जड, हवा हलकी. म्हणून बुडबुडा नेहमी कमानीच्या सर्वांत उंच जागी जाऊन बसतो. नळी कलली की उंच जागा बदलते आणि बुडबुडाही तिकडे सरकतो.

नळी अगदी सरळ असती तर? मग जराशा कलाने बुडबुडा थेट टोकाला गेला असता आणि कल किती आहे हे कळलेच नसते. कमानीमुळे तो कलाच्या प्रमाणात सरकतो. समजा, कमानीची वक्रता त्रिज्या १० सेंटिमीटर आहे. १ अंशाचा कल झाला, तर बुडबुडा १०० मिलिमीटर × ०.०१७५, म्हणजे सुमारे पावणेदोन मिलिमीटर सरकेल. एवढा फरक डोळ्याला सहज दिसतो. त्रिज्या जितकी मोठी, तितकी पाणसळ अधिक नाजूक.

आत साधे पाणी न भरता स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल का भरतात? पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते व गोठताना फुगते. त्यामुळे थंड प्रदेशात काच फुटेल. शिवाय पाण्याचे पृष्ठताण अल्कोहोलच्या तिपटीहून जास्त असते, त्यामुळे त्यातला बुडबुडा काचेला चिकटून अडखळतो. अल्कोहोलमध्ये तो मोकळेपणाने सरकतो.

गोळी सरळ जात नाही

आता बंदुकीकडे वळू. बंदुकीची गोळी नाकासमोर सरळ जाते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. तुम्ही अंगणातून गच्चीवरच्या मित्राकडे मोसंबी फेकता तेव्हा त्याच्या हातावर नेम धरून फेकत नाही. थोडी वर फेकता. कारण वाटेत ती खाली येणार हे तुमच्या हाताला ठाऊक असते. गोळीचेही तसेच आहे. नळीतून सुटल्याच्या क्षणापासून गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढू लागते.

किती खाली? हिशेब आपणच करू. स्पर्धेतील .२२ रायफलीचे लक्ष्य ५० मीटरवर असते. तिची गोळी ध्वनीच्या वेगाहून थोड्या कमी वेगाने जाते आणि ५० मीटर जायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतो. तुमच्या पुस्तकातले सूत्र वापरा : पडण्याचे अंतर = १/२ × गुरुत्वत्वरण × काळाचा वर्ग.

१/२ × ९.८ × ०.१६ × ०.१६ = ०.१२५ मीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर!

म्हणून रायफलीची नळी आणि नेमाची रेषा समांतर ठेवत नाहीत. नेमाची रेषा, म्हणजे डोळा, मागचे छिद्र, पुढची माशी व लक्ष्य यांना जोडणारी रेषा, लक्ष्याच्या मध्याकडे जाते. पण नळीचे तोंड मध्याच्या साडेबारा सेंटिमीटर वर रोखलेले असते. वाटेत गोळी तेवढीच खाली येते आणि मध्यावर लागते. मागच्या छिद्राची उंची स्क्रूने कमीजास्त करता येते ती याचसाठी. जुन्या स्पर्धेच्या रायफलींवर तेथे चक्क व्हर्निअर मोजपट्टी असे. तुमच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपरवर असते तशीच.

रायफल कलली तर?

आता कळीचा मुद्दा येतो. आपण मान खांद्याकडे कलती करतो, तशी रायफल उजवीकडे किंचित कलली असे समजा. नेम मात्र अचूक आहे. माशीच्या कडीत लक्ष्याचा काळा गोल बरोबर मध्ये दिसतो आहे. मग काय बिघडले? पुष्कळांना वाटते, काहीच नाही. नेम बरोबर, म्हणजे गोळीही बरोबर.

पण जरा विचार करा. नळीचे तोंड लक्ष्याच्या मध्याच्या 'वर' रोखलेले होते. रायफल कलली तशी ही 'वर'ची दिशाही कलली. नळी आता मध्याच्या सरळ वर नव्हे, तर थोडी उजवीकडे रोखली गेली. गुरुत्वाकर्षण मात्र रायफलीचा कल ओळखत नाही. ते गोळीला सरळ खालीच ओढते. परिणाम असा, की गोळी उजवीकडे आणि किंचित खाली लागते. रायफल डावीकडे कलली तर गोळी डावीकडे व खाली.

हे पटत नसेल तर बंदूक, गोळी यांतले काहीही न वापरता, वर्गातल्या फळ्यावर करता येईल असा एक प्रयोग सांगतो.

करून पाहा

जाड पुठ्ठ्याची साडेबारा सेंटिमीटरपेक्षा थोडी लांब पट्टी घ्या. तिच्या एका टोकाशी व दुसऱ्या टोकाशी अशी दोन छिद्रे पाडा, की त्यांच्यातील अंतर बरोबर १२.५ सेंटिमीटर भरेल. खालच्या छिद्रातून टाचणी घालून पट्टी मऊ फळ्यावर अशी टोचा, की ती टाचणीभोवती फिरू शकेल. ही टाचणी म्हणजे लक्ष्याचा मध्य. वरचे छिद्र म्हणजे नळीचे तोंड जेथे रोखले आहे ती जागा. आता वरच्या छिद्रात दोरा ओवून त्याला लहानसे वजन बांधा. गवंड्याचा ओळंबाच तयार झाला! छिद्रापासून वजनाच्या मध्यापर्यंत दोरा बरोबर १२.५ सेंटिमीटर लांब ठेवा. हा दोरा म्हणजे गुरुत्वाकर्षणाने गोळी जेवढी खाली येते ते अंतर.

पट्टी अगदी उभी धरा. वजन टाचणीवरच येते; म्हणजे गोळी मध्यावर लागली. आता कोनमापक लावून पट्टी उजवीकडे ५ अंश कलती करा. वजन कोठे आले? तीच गोळी लागण्याची जागा. १० अंश व २० अंशांसाठी हेच करा आणि मोजमापे लिहून घ्या. ती अशी यावीत :

कल ५ अंश : बाजूला १.०९ सेंटिमीटर, खाली ०.०५ सेंटिमीटर.
कल १० अंश : बाजूला २.१७ सेंटिमीटर, खाली ०.१९ सेंटिमीटर.
कल २० अंश : बाजूला ४.२८ सेंटिमीटर, खाली ०.७५ सेंटिमीटर.

त्रिकोणमिती शिकलेल्या विद्यार्थ्यांनी हे आकडे साइन व कोसाइन यांची कोष्टके घेऊन पडताळावेत. एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. लहान कलाला गोळी खाली फारशी जात नाही, पण बाजूला मात्र चांगलीच सरकते.

अकरा मिलिमीटरांची किंमत

५ अंशाच्या कलाने गोळी ११ मिलिमीटर बाजूला गेली. एवढ्याशाने काय होते, असे म्हणाल? ५० मीटरच्या रायफल स्पर्धेत दहा गुणांचे जे मधले वर्तुळ असते, त्याचा व्यास आहे अवघा १०.४ मिलिमीटर. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.२ मिलिमीटर! ११ मिलिमीटर सरकलेली गोळी दहाच्या वर्तुळाला स्पर्शही करीत नाही. ती नऊच्या वर्तुळात लागते. हात स्थिर होता, नेम अचूक होता, चाप हळुवार दाबला होता, तरी गुण गेला. आणि दुःखाची गोष्ट अशी, की पाणसळ नसेल तर का गेला तेही नेमबाजाला कळत नाही!

अंतर वाढले की ही चूक फार झपाट्याने वाढते, कारण पडण्याचे अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकोणिसाव्या शतकात लांब पल्ल्याच्या स्पर्धा १००० यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे ९१४ मीटरपर्यंत होत. एवढे अंतर जायला गोळीला किमान २ सेकंद लागतात असे धरले, तरी ती सुमारे १९.६ मीटर खाली येते. एखाद्या पाच-सहा मजली इमारतीएवढे हे अंतर झाले! अशा वेळी कल फक्त १ अंशाचा असला, तरी गोळी सुमारे ३४ सेंटिमीटर बाजूला जाईल. १ अंश म्हणजे किती, ते कोनमापकावर पाहा. उघड्या रानात, उतारावर पडून नेम धरणाऱ्या माणसाला एवढा कल नुसत्या डोळ्याने ओळखता येणे फार कठीण. शेजारची टेकडी तिरपी असेल, तर डोळा फसतोच.

म्हणून माशीखाली पाणसळ आली. पाणसळ माशीपाशीच का, हेही आता समजेल. नेमबाजाचा डोळा माशीवर रोखलेला असतो, त्यामुळे माशी स्पष्ट दिसते. तिच्या लगतचा बुडबुडाही मान न हलवता, त्याच नजरेत दिसतो.

असईपासून क्रीडमूरपर्यंत

जालना जिल्ह्यातल्या वाचकांना असईचे नाव सांगायला नको. १८०३ साली २३ सप्टेंबरला तेथे शिंद्यांचे व इंग्रजांचे सैन्य भिडले. त्या काळच्या पायदळाच्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी नळीत सैल बसे आणि बाहेर पडताना कोणत्या बाजूला झुकेल याचा नेम नसे. शंभर पावलांपलीकडच्या एका माणसाला टिपणे भरवशाचे नव्हते. म्हणून रांगेने उभे राहून सारे एकदम गोळ्या झाडत. अशा बंदुकीवर पाणसळ बसवून काय उपयोग? हातभर इकडेतिकडे जाणाऱ्या गोळीला चार बोटांची सुधारणा कळणार कशी?

पुढे नळीच्या आत पीळ पाडण्याची पद्धत रूढ झाली. पिळामुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखीच स्थिर राहते. अशा पीळदार बंदुकीलाच रायफल म्हणतात. गोळी भरवशाची झाली, तेव्हाच कलासारख्या बारीक चुका उघड्या पडल्या. विज्ञानात नेहमीच असे घडते. मोठी चूक दूर झाल्याशिवाय लहान चूक दिसत नाही.

१८७४ साली अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे अमेरिकन व आयरिश संघांत एक गाजलेला सामना झाला. अंतरे होती ८००, ९०० व १००० यार्ड. या प्रकारच्या रायफलींवर मागे व्हर्निअर मोजपट्टी आणि पुढे पाणसळ असलेली माशी, अशी जोडी असे. अमेरिकेचे गुण झाले ९३४ आणि आयर्लंडचे ९३१. फरक अवघा ३ गुणांचा! त्यात आयर्लंडच्या एका नेमबाजाची एक गोळी अगदी मध्यावर लागली होती. पण ती चुकून शेजारच्या लक्ष्यावर मारलेली होती. तिचे ४ गुण मिळाले नाहीत आणि सामना हातचा गेला. पाणसळ कल दाखवते. लक्ष्य कोणते ते मात्र आपणच पाहावे लागते!

आजचे नेमबाज

नेमबाजीत महाराष्ट्राचे नाव आज जगभर आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिक येथे ५० मीटर प्रोन, म्हणजे पडून नेम धरण्याच्या प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकावले. त्या अंतिम फेरीत गुणांची मोजणी दशांशात होते. तेव्हा एकेका मिलिमीटराचे मोल काय, ते सांगायला नको.

आजच्या स्पर्धेच्या रायफलींवर पाणसळ नेहमी असतेच असे नाही. पुष्कळदा माशीच्या कडीच्या दोन्ही बाजूंना बारीक आडव्या पट्ट्या असतात. त्या समपातळीत दिसल्या की रायफल सरळ. काही नेमबाज तर सोयीसाठी रायफल मुद्दाम थोडी कलती धरतात! मग आपला नियम खोटा ठरला का? नाही. ते प्रत्येक गोळीला तेवढाच कल ठेवतात आणि त्या कलाला अनुसरून मागचे छिद्र बाजूला सरकवून घेतात. चूक दर वेळी सारखीच असेल तर ती दुरुस्त करता येते. दर वेळी बदलणारी चूकच घातक असते. प्रयोगशाळेत शून्यांक त्रुटी वजा करताना तुम्ही तरी दुसरे काय करता?

ओळखल्याचा लाभ

आता मामांकडे परत जाऊ. शेजारच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे ती 'बिनकामाची' काच काढून टाकली असती, तर केवढे नुकसान झाले असते! त्या बोटभर काचेने आपल्याला रायफलीचा पूर्वेतिहास सांगितला. ही रायफल शिकारीची नव्हे. रानात पळत्या जनावराकडे पाहताना बुडबुडा न्याहाळायला सवड कोणाला असते? ती लांबच्या, स्थिर लक्ष्यावर, सावकाश नेम धरण्यासाठी आहे. आणि तिचा मालक मिलिमीटरांचा हिशेब ठेवणारा होता. अनोळखी भाग दिसला की आधी त्याचे चित्र काढा, मोजमापे घ्या, खुणा व अक्षरे उतरवून ठेवा; तो उपटण्याची घाई करू नका. जुनी घड्याळे, शिवणयंत्रे, मोटेची चाके, सगळ्यांना हाच नियम लागू आहे.

बंदुकीच्या बाबतीत मात्र आणखी एक नियम आहे आणि तो मोडायचा नाही. बंदूक रिकामी आहे असे कोणीही सांगितले, तरी ती भरलेली आहे असे समजूनच वागावे आणि परवानाधारक मोठ्या माणसाशिवाय तिच्या जवळ जाऊ नये. परवान्याविना बंदूक बाळगणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे गुन्हा आहे. माळ्यावर वा पेटीत जुनी बंदूक सापडली, तर तिला हात न लावता घरच्या वडीलधाऱ्यांना सांगावे आणि त्यांनी पोलीस ठाण्याला कळवावे.

जाता जाता एक कोडे. समजा, रायफल चंद्रावर नेली. तेथे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे आणि ५० मीटर जायला गोळीला तेवढाच वेळ लागतो असे धरा. तेथे ५ अंशाच्या कलाने गोळी किती बाजूला जाईल? पाणसळीतला बुडबुडा तेथे सरकेल की नाही? आणि जेथे वजन जाणवतच नाही अशा अंतराळयानात पाणसळीचे काय होईल? पुठ्ठ्याची पट्टी व दोरा पुन्हा हाती घ्या आणि आपल्या शिक्षकांबरोबर विचार करून उत्तरे शोधा.